राउंडअबाउटला घाबरणाऱ्यांसाठी

कस्तुरीने गाडी राउंडअबाउटमध्ये घातली खरी, पण बाहेर पडायचा रस्ता डाव्या हाताला आला आणि मागे गेला, तरी तिचं स्टिअरिंग काही तिकडे वळेना.

"जाऊ दे," शेजारच्या सीटवरून वैजयंती म्हणाली. "रस्ता कुठे पळून जात नाही. फिर अजून एकदा."

वैजयंतीचा पाय तिच्या बाजूच्या जादा ब्रेकवर नुसता टेकलेला होता आणि हात मांडीवर होते. रविवारची सकाळ, मागे एकही गाडी नाही. समोरच्या काचेला तिने स्वतःसाठी एक छोटा आरसा चिकटवला होता. त्यात मागचा रस्ता दिसायचा, आणि आज मागच्या सीटवर बसलेला यतीनही दिसत होता. यतीन म्हणजे कस्तुरीचा नवरा. लेसन संपल्यावर त्याला वैजयंतीच्या घरी जाऊन तिच्या वेबसाइटचं काम करायचं होतं, म्हणून तो सोबत आला होता. खिडकीच्या वरचं हँडल त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते. बायको गाडी चालवत असली की नवरे असेच बसतात, हे वैजयंतीने इतक्यांदा पाहिलं होतं की तिने नजर काढून घेतली.

"मधलं गोल बेट उजव्या हाताला ठेवायचं," ती कस्तुरीला म्हणाली. "देवळात देव कुठल्या हाताला असतो? तसंच. या इंग्लिश लोकांना माहीत नाही, पण बिचारे दिवसभर प्रदक्षिणाच घालत असतात."

कस्तुरीला हसू आलं, तिचे खांदे खाली आले आणि पुढच्या फेरीला गाडी अगदी सहज बाहेर पडली.

ही वैजयंतीची पद्धत. ब्रॅकनेल हे इंग्लंडमधलं राउंडअबाउटचं गाव. दूध आणायला निघालं तरी वाटेत तीन-चार लागतात. बाकीचे शिकवणारे कागदावर बाण काढून दाखवायचे. वैजयंती मात्र सुट्टीच्या सकाळी, बंद ऑफिसांच्या मधल्या एका निवांत राउंडअबाउटवर शिकाऊ माणसाला घेऊन यायची आणि फिरू द्यायची. बाहेर पडायची सक्ती नाही. फिरता फिरता ती गप्पा काढायची, काल भाजी काय केली विचारायची, मुलांच्या शाळेची चौकशी करायची. कुणाची भीती थोड्या फेऱ्यांत जायची, कुणाची जायला कित्येक रविवार लागायचे. भीतीलाच कंटाळा आला पाहिजे, असं ती म्हणायची. तिने गाडीत आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती कसर ती घरी भरून काढते असं शशिकांतांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, म्हणणं होतं.

शशिकांत हवामान खात्यात नकाशे वाचायचे. खात्याचं ऑफिस ब्रॅकनेलमधून एक्सेटरला हललं तेव्हा बरोबरची माणसं घरं विकून तिकडे गेली. शशिकांतांनी मुदतीआधीच रिटायर होणं पसंत केलं, कारण वैजयंतीची गाडी इथे होती, तिची माणसं इथे होती आणि गाडीच्या टपावर 'वैजयंती स्कूल ऑफ मोटरिंग' ही पिवळी पाटी होती. आपल्यासाठी नवऱ्याने नोकरी सोडली हे वैजयंतीने कधी बोलून दाखवलं नाही, पण ती ते विसरलीही नव्हती.

आणि नेमकं त्यानंतर शिकायला येणारे आटले. इतकी वर्षं तिचं कार्ड कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या काचेत लागायचं आणि तेवढ्यावर भागायचं. पेपरवाला दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. नवीन माणसं आता काचेत बघत नव्हती, कॉम्प्युटरमध्ये बघत होती, आणि तिथे वैजयंती कुठेच नव्हती. उन्हाळाही असाच गेला तर ऑगस्टअखेर शाळा बंद करायची, असं दोघांचं ठरलं होतं. त्यावर वादावादी झाली नाही. पाटी माळ्यावर ठेवायची की गॅरेजमध्ये, एवढंच शशिकांतांनी विचारलं होतं, आणि ते तिला भांडणापेक्षा जास्त लागलं होतं.

"तुम्ही आहातच, काकू," यतीनने तिला सांगितलं होतं. "फक्त दिसत नाही. ते माझ्यावर सोडा."

यतीन पुण्याचा, गावातल्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. पावसापाण्यात सायकलवरून ऑफिसला जायचा आणि व्यायामाचं महत्त्व पटवून द्यायचा. त्या रविवारी लेसननंतर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने वैजयंतीची वेबसाइट पाहिली. ती तिने स्वतः, लायब्ररीतल्या क्लासमध्ये शिकून बनवलेली होती. वर गणपतीचा फोटो. त्याखाली 'थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने' या अर्थाचं इंग्लिश वाक्य. मग जन्मगाव मिरज, शिक्षण बी.ए., छंद वाचन आणि भरतकाम, वडिलांचा हुद्दा. गाडी शिकवण्याचा उल्लेख अगदी तळाशी, तोही जरा संकोचूनच केलेला.

"काकू, हा बायोडेटा झाला," यतीन म्हणाला. "यावर स्थळ येईल, शिकायला कोणी येणार नाही."

शशिकांत इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. वैजयंती हसली नाही. आपण होऊन आपलं कौतुक करायचं नाही, नाव-गाव-घराणं सांगायचं आणि गप्प बसायचं, समोरच्याला कळायचं ते कळतं, अशीच ती वाढली होती. लेसन घ्यायला आलेल्या कुणा इंग्लिश बाईला मिरज कशाला कळायला हवं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

यतीनने ते सगळं काढून टाकलं. ब्रॅकनेल, ड्रायव्हिंग, लेसन, स्कूल हे शब्द त्याने पानभर पेरले. तळाशी पांढऱ्या जागेवर पांढऱ्याच अक्षरांत तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिले. माणसाला ते दिसत नाहीत, पण सर्च इंजिनला दिसतात, असं त्याने मिशीत हसत सांगितलं. ऑफिसात कुणीतरी ही युक्ती दाखवली होती म्हणे. आणि खरोखर, काही दिवसांत वैजयंतीचं नाव वर सरकलं. आधी शोधून शोधून डोळे दुखायचे, ते आता दुसऱ्याच पानावर दिसायला लागलं. शेजारच्या गल्लीतून एक फोनही आला. मग एका सकाळी शशिकांतांनी शोधलं तर नाव दुसऱ्या पानावर नव्हतं, पाचव्यावर नव्हतं, कुठेच नव्हतं. शाळेचं पूर्ण नाव टाइप केलं तरी नव्हतं.

यतीन संध्याकाळी आला तो सायकल नीट टेकवायचीही विसरून. वैजयंतीने दार उघडलं तेव्हा सायकल तिच्या गुलाबांत पडलेली होती आणि तो खाली मान घालून उभा होता. लपवलेले शब्द पकडले गेले होते. फसवणूक करणारं पान म्हणून सर्च इंजिनवाल्यांनी ते यादीतूनच काढून टाकलं होतं. विनंती करून परत घेतात, पण वेळ लागतो. जून निम्मा सरला होता, हे त्यानेही हिशेबात धरलं होतं आणि तिनेही.  वैजयंतीने त्याला आत बोलावलं, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि तो खायला लागेपर्यंत ती समोर बसून राहिली.

"माणसाने वाचू नये म्हणून लिहिलंस," ती मग म्हणाली, "तर ते लिहिलंस तरी कोणासाठी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. यतीनने चमचा खाली ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला की नियम तसा साधा आहे, त्यानेच उगाच आडवाट धरली. लोक जे विचारतात त्याचं उत्तर द्यायचं. चांगलं असेल तर एक जण दुसऱ्याला ते पान दाखवतो, आणि कोण कोणाकडे बोट दाखवतंय हे ते सर्च इंजिन बघत असतं.

"म्हणजे, ब्लाउज कोणाकडे शिवतेस असं बायका विचारतात, तसंच," वैजयंती म्हणाली.

"अगदी तसंच."

"मग लोक काय विचारतात?"

ते मात्र यतीनला सांगता येईना. वैजयंतीलाही येईना. गाडीत बसलेली घाबरलेली माणसं काही विचारत नाहीत. ती गप्प बसतात, नाहीतर हवापाण्याबद्दल बोलतात. भीती त्यांच्या हातांच्या शिरांत आणि मानेत दिसते, शब्दांत येत नाही. ही तिची इतक्या वर्षांची विद्या, पण पानावर काय लिहायचं?

तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "समज, तूच घाबरलायस. घरात एकटा आहेस, बघायला कोणी नाही. त्या सर्चच्या चौकटीत काय लिहिशील?"

यतीन क्षणभर रिकाम्या चौकटीकडे बघत राहिला आणि मग त्याची बोटं चालायला लागली. ती एकदाही अडखळली नाहीत. राउंडअबाउटच्या तोंडाशी उभं असताना क्लचवरचा पाय थरथरतो, काय करावं. मागच्याने हॉर्न दिला की कानांत आवाज बंद होतो, असं सगळ्यांना होतं का. डोळ्यांसमोर सारखा तोच ट्रक येत असेल तर गाडी शिकता येते का. लायसन्स नाही हे ऑफिसात न कळता शिकवणारं कोणी आहे का.

शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. मग एक बोट दाबून धरून त्याने ती ओळ मागून पुढे पुसत नेली.

"हे जरा जास्तच झालं," तो म्हणाला.

"हो," वैजयंती म्हणाली, "तेवढं राहू दे." आणि ती रिकामी बशी उचलून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने नळ सोडला आणि बशी धुऊन झाल्यावरही तो बंद करायचं तिला काही वेळ सुचलं नाही. आरशात दिसलेले ते दोन हात, मिटलेले डोळे, पावसातली ती सायकल. इतक्या जवळून बघूनही आपल्याला दिसलं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या पोराबद्दल पोटातून माया आली.

बाहेर आल्यावर तिने तसं काहीच दाखवलं नाही. त्याला उठवून ती स्वतः कीबोर्डपाशी बसली आणि दोन बोटांनी टाइप करायला लागली. पाय थरथरतो त्याचं काय करायचं, तर टाच जमिनीला टेकवा, ती टेकली की पोटरीला आधार मिळतो. हॉर्नचं काय, तर हॉर्न देणाऱ्यालाही कोणीतरी कधीतरी शिकवलंय, तो विसरलाय इतकंच. ट्रकबद्दल तिने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं की तो लगेच जाणार नाही, त्याला मागच्या सीटवर बसू द्या, स्टिअरिंग तुमच्याच हातात आहे. आपली रविवारची पद्धत तिने सगळी लिहून टाकली, कुठलाही निवांत राउंडअबाउट कसा निवडायचा यासकट. ही युक्ती वाचून लोक आपापलं शिकतील, मग तुझ्याकडे कशाला येतील, असं शशिकांतांनी विचारून पाहिलं. तिने मान वर केली नाही. शेवटचं वाक्य तिने असं लिहिलं: किती वेळा फिरायचं ते तुम्ही ठरवा, मी मोजणार नाही. पानाला नाव दिलं, 'राउंडअबाउटला घाबरणाऱ्यांसाठी'.

यतीनने त्यात एका शब्दाची भर घातली नाही. लपवलेली अक्षरं पुसून त्याने विनंती पाठवली आणि पान परत यादीत यायची सगळे वाट बघत बसले. जुलैत ते आलं, तळाशी कुठेतरी. वैजयंतीने शशिकांतांना पाटी ठेवायला माळा आवरायला सांगितलं.

त्यानंतर जे झालं त्यात यतीनची हुशारी नव्हती आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. बाळंतपणानंतर गाडी सुटलेल्या बायकांच्या एका गप्पांच्या साइटवर कोणीतरी वैजयंतीच्या पानाचा पत्ता दिला. तिथून तो एका नर्सच्या ब्लॉगवर गेला. ग्लासगोच्या एका गाडी शिकवणाऱ्याने आपल्या साइटवर लिहिलं की हे मी लिहायला हवं होतं, पण या बाईंनी लिहिलंय, तेव्हा तिकडे जाऊन वाचा. बोटं वळत गेली आणि पान वर चढत गेलं.

ऑगस्टच्या मध्यावर यतीन कस्तुरीला घेऊन आला आणि त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला. कोण कुठून आलं आणि काय शोधत आलं, हे आता बघता येत होतं. आधी त्याने त्यांचे शब्द दाखवले. वैजयंतीने चष्मा लावला आणि हळूहळू वाचत गेली. साठीनंतर गाडी शिकायला उशीर झाला का. न ओरडणारा शिक्षक. नवरा शेजारी बसला की गाडी बंद पडते. अपघातानंतर पुन्हा पहिल्यांदा. राउंडअबाउटला रडू येतं. एकाखाली एक, अनोळखी माणसांची वाक्यं, कोणी कोणाला न सांगितलेली. आपापल्या स्वयंपाकघरात, ऑफिसात, पार्क केलेल्या गाडीत बसून या माणसांनी ती एका रिकाम्या चौकटीला सांगितली होती आणि त्या चौकटीने ती उचलून तिच्या टेबलावर आणून ठेवली होती.  वैजयंतीने नकळत डोक्यावरून पदर घ्यावा तसा कार्डिगन गळ्याशी ओढून घेतला.

मग यतीनने नकाशा उघडला. ब्रॅकनेलवर मोठा ठिपका होता. रेडिंगवर होता, लंडनवर होते, ग्लासगोवर होता, वर पार टोकाला समुद्रातल्या बेटांवर एक बारीकसा होता. त्याने नकाशा लांब केला तेव्हा न्यूझीलंडच्या खालच्या अंगालाही एक दिसला.

"तिथे कोण घाबरलंय बाई," कस्तुरी हळूच म्हणाली.

शशिकांत खुर्ची ओढून पुढे आले. आयुष्यभर ज्या माणसाने नकाशे वाचले, तो शाळेतल्या मुलासारखा नाक लावून बघत होता.

"इतकी वर्षं नकाशावर पाऊस बघितला," ते म्हणाले. "भीती आज पहिल्यांदा बघतोय."

 वैजयंतीला वाटायचं, आपल्या गाडीत येऊन बसतात तेवढीच माणसं घाबरट. बाकीचं जग आपलं झर्रकन वळून निघून जातं. आणि हे बघा. समोरच्या त्या पडद्याला नमस्कार करावा असं तिला फार वाटलं. चारचौघांत बरं दिसणार नाही म्हणून तिने हात टेबलाखाली जोडले.

त्या आठवड्यात फोन इतका वाजला की शशिकांतांनी खडूने लिहायची एक पाटी आणून भिंतीला लावली आणि ते स्वतःच वेळा लिहून घ्यायला लागले. माळ्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सप्टेंबरअखेरपर्यंतचे रविवार भरले. फक्त पहिला रविवार वैजयंतीने कोणालाच दिला नाही.

कस्तुरी तोवर टेस्ट पास झाली होती. पेढे घेऊन आली तेव्हा दाराशी थांबून ती म्हणाली, "काकू, माझा एक लेसन शिल्लक राहिलाय. वाया जायला नको."

"तुला आता कशाला लेसन?"

"मला नकोच आहे," कस्तुरी म्हणाली आणि चपलेचा पट्टा लावायला वाकली. तो आधीच लागलेला होता.

रविवारी यतीन आला तो लॅपटॉपची बॅग घेऊन. पानात काही बदल करायचाय असा वैजयंतीचा निरोप होता. ती बाहेर गाडीपाशी उभी होती. आधी जरा जाऊन येऊ, ती म्हणाली, आणि तो सवयीने मागचं दार उघडून बसला. रस्ताभर ती नकाशावरच्या नव्या ठिपक्यांबद्दल बोलत होती. बंद ऑफिसांच्या आवारात तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, उतरली आणि पुढून वळसा घालून डावीकडच्या तिच्या नेहमीच्या जागेवर येऊन बसली. ड्रायव्हरचं दार उघडंच राहिलं.

"कस्तुरीचा एक लेसन शिल्लक आहे," ती समोर बघत म्हणाली. "तुझ्याकडे शिकाऊ लायसन्स, प्रोव्हिजनल, आहे ना?"

मागे बॅगेची चेन एकदा उघडली, एकदा लागली. मागचा यतीन दिसू नये म्हणून काचेवरचा आपला छोटा आरसा तिने आधीच वर वळवून ठेवला होता.

"पाकिटात आहे," यतीन म्हणाला. "आयडी म्हणून ठेवलंय. तीन वर्षं झाली."

तो उतरला. उघड्या दाराला हात लावून उभा राहिला. मग आत बसला आणि बॅग मांडीवरच घेऊन बसला. वैजयंतीने ती काढून मागे ठेवली.

"काकू, पुण्याला असताना सातारा रोडवर एकदा..."

"नंतर सांग," ती म्हणाली. "आधी सीट पुढे घे. टाच टेकव."

त्याने टाच टेकवली. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा हलली आणि गोगलगायीच्या चालीने राउंडअबाउटच्या तोंडाशी आली. उजवीकडून कोणी येत नव्हतं. तरी तो थांबून राहिला आणि तिने त्याला थांबू दिलं. पर्समध्ये तिचा फोन वाजायला लागला, कोणीतरी नवीनच असणार. तिने तो वाजू दिला. टपावरची पिवळी पाटी सकाळच्या उन्हात होती आणि पोराचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मग गाडी आत शिरली आणि बेट उजव्या हाताला आलं.

पहिला रस्ता गेला. दुसरा गेला. बाहेर पडायचा रस्ता आला आणि मागे गेला.

"काल भाजी काय केली होती कस्तुरीने?" वैजयंतीने विचारलं.

यतीनला ते आठवायला अर्धी फेरी लागली. "वांगी," तो म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते. बाहेर पडायचा रस्ता पुन्हा दिसायला लागला तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "अजून एकदा फिरलो तर चालेल?"

 वैजयंतीने पाय ब्रेकवरून काढून घेतला आणि खिडकीची काच थोडी खाली केली.